अकरा सेकंदांचा पाठमोरा

१

रेंडर, म्हणजे जोडलेल्या चित्रांची पक्की फिल्म करायचं काम, संगणकाला लावलं की स्क्रीनसमोर बसायचं नाही, हा बारक्याचा पंधरा वर्षांचा नेम. आपण टक लावून बसलो की ते मुद्दाम हळू चालतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो उठायचा, खिडकीत उभा राहून चहा प्यायचा, खालच्या लाँड्रीतल्या यंत्रांची घरघर ऐकायचा आणि काम संपल्याची टिंग वाजली की मगच वळायचा. लग्नाच्या फिल्मा, शाळांची संमेलनं, दुकानांच्या जाहिराती, सगळं त्याने असं पाठ फिरवून शिजवलेलं होतं.

त्या शुक्रवारी मात्र तो सकाळपासून समोर बसून होता. चहा केव्हाच गार झाला होता. पट्टी सरकत होती. बासष्ट टक्के, त्रेसष्ट, चौसष्ट. चौसष्टवर आली आणि थांबली ती थांबलीच. सकाळपासूनची ही सहावी खेप, आणि सहाही वेळा ती बरोबर तिथेच येऊन बसली होती.

फुटेज त्याच्या दादाच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं होतं. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा तो कॅमेरा, पण दादाबरोबर निम्मे डोंगर पालथे घालून आलेला. मंगळवारी पहाटे दादा सायकल घेऊन एकटाच डोंगरात गेला आणि परत आला नाही. बुधवारी त्याची सायकल सापडली, जिथे वरच्या रानात रस्त्याला तीन वाटा फुटतात तिथे. सायकल खांबाला टेकवलेली, आणि हेल्मेट पट्ट्याने खांबाच्या खिळ्याला अडकवलेलं. पडलेलं नाही, फेकलेलं नाही. घरात शिरताना माणूस टोपी खुंटीला अडकवतो, तसं.

शोधपथकाचा प्रमुख गुरुवारी संध्याकाळी स्वतः जिना चढून वर आला होता. वाळकासा माणूस, बोलणं तुटक.

"कार्ड सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं तर आठ दिवस. तुम्ही यातलेच ना? मग तुम्हीच बघा. हेल्मेट खांबाला टांगल्यावरही कॅमेरा चालू होता. म्हणजे तुमचा भाऊ कुठल्या वाटेने गेला, ते यात असणार."

"फाइल नीट बंद झालेली नाही. बॅटरी संपून कॅमेरा मेलाय," बारक्या म्हणाला. "पण निघेल. काढतो."

"डावी वाट कड्याकडे जाते, मधली ओढ्याकाठाने, उजवी बंद पडलेल्या दगडखाणीकडे. माझ्याकडे चौदा माणसं आहेत आणि रान हे एवढं. परवा वादळ आहे. उद्या पाचला मला सगळ्यांना खाली आणावंच लागेल." प्रमुखाने टोपी हातात फिरवली. "पाचच्या आत वाट सांगा, चौदाच्या चौदा माणसं तिकडे घालतो. थंडीत तीन रात्री माणूस काढू शकतो. चौथीचं मी सांगत नाही."

आता शुक्रवारचे साडेअकरा वाजले होते.

२

बारक्या नुसता नावाला बारक्या. वय छत्तीस, पोट सुटलेलं, आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी चक्कर यायची. डोंगराचा तर फोटोही तो बसूनच बघायचा. दादाचं बरोबर उलटं. सुट्टी मिळाली की त्याचे पाय वळवळायचे.

आणि या दोघांमध्ये आई. दादाने एकट्याने डोंगरात जायचं नाही, हा तिचा हुकूम. "दोघं जा, नाहीतर घरात बसा," असं ती सहा वर्षांपूर्वी म्हणाली होती, आणि दारात पाय पसरून बसली होती. मग दोघा भावांनी जे केलं, ते सिनेमावाल्याच्याच डोक्यातून निघू शकतं.

लाँड्रीच्या गच्चीवर त्यांनी हिरवी चादर टांगली. बारक्याने दादाचं जुनं निळं जॅकेट चढवलं आणि तो त्या चादरीसमोर चालला. दादाने मागून त्याला टिपलं. अकरा सेकंद. चालता चालता बारक्याने एकदा उजव्या हाताने कॉलर सारखी केली, तेवढंच काय ते. पार्श्वभूमी उडवली की उरला एक पाठमोरा माणूस, कुठेही चिकटवावा असा.

"पुढूनही घेऊ या का एकदा?" दादाने विचारलं होतं.

"कशाला? खोटं बोलताना तोंड दाखवू नये माणसाने," बारक्या म्हणाला होता, आणि दोघं गच्चीवर पोट धरधरून हसले होते.

त्या दिवसापासून प्रत्येक सहलीच्या फिल्ममध्ये बारक्या हजर. कधी वळणावर, सायकल ढकलणाऱ्या दादाच्या चाळीस पावलं पुढे, कधी धुक्यात नुसती निळी पाठ. सावलीसुद्धा तो मन लावून बसवायचा. दादाही वर गेला की आईसाठी कॅमेऱ्यात ओरडायचा, "ए बारक्या, थांब की रे!" सहलीच्या दिवशी दोघं घरून बरोबर निघायचे. कोपऱ्यावर दादा डोंगराकडे वळायचा आणि हा दोन गल्ल्या सोडून आपल्या या खोलीत येऊन काम करत बसायचा. संध्याकाळी दादाचा फोन आला की लाँड्रीमागची लाल माती बुटांना चोळायची आणि दोघांनी बरोबर घरी जायचं. फिल्म बघताना आई गुडघा चोळत म्हणायची, "हा बघ माझा बारक्या, बदकासारखा चालतोय! लांबून ओळखेन मी त्याला." वहिनीला सगळं ठाऊक होतं. ती पदर तोंडाला लावून आत पळायची.

मंगळवारी संध्याकाळी बुटांना माती चोळून तो बसून राहिला, आणि फोन आला नाही.

एकटा घरी कसा जाणार? आईला काय सांगणार? शेवटी वहिनीनेच वेळ मारून नेली. वरचा रस्ता खचलाय, दोघं वरच्या विश्रामगृहात सुखरूप आहेत, असं तिने आईला सांगितलं. म्हणून तीन रात्री बारक्या घरापासून दोन गल्ल्यांवर, याच खोलीत सतरंजीवर पडून होता. आईच्या लेखी तो डोंगरात होता, दादाबरोबर.

फोन वाजला. आईच.

"जेवलात का रे दोघं?"

"जेवलो की."

"दादाला दे जरा."

"तो झोपलाय गं. पाय दुखतायत त्याचे."

"आत्ता? दिवसाढवळ्या?" पलीकडे तिच्या बांगड्या वाजल्या. "बरं. झोपू दे. तू आहेस ना जवळ, मग मला घोर नाही."

"मी आहे ना," बारक्या म्हणाला. सहा वर्षं प्रत्येक सहलीला फोनवर तो हेच म्हणत आला होता. जीभ आपोआप वळली. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की तो उठून तोंड धुऊन आला.

३

मग त्याने सगळे उपाय केले. या धंद्यात रेंडर अडकलं तर करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात आणि त्या त्याला पाठ होत्या. साठलेल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या. ग्राफिक्स कार्डाची मदत बंद केली. फुटेजची हलकी प्रत बनवून बघितली. दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये बदलून बघितली. चौसष्ट. चौसष्ट. चौसष्ट.

नुसतं प्ले केलं तर फाइल एक्केचाळीस मिनिटं सात सेकंदांपर्यंत सरळ चालायची. दादा सायकल टेकवतो, हेल्मेट काढतो, जग एकदा गरकन फिरतं आणि मग खांबावरून समोरच्या तीन वाटा दिसू लागतात. तिथे चित्र गोठायचं, हिरवे-जांभळे चौकोन पसरायचे आणि एकदम फाइलच्या शेवटावर उडी. शेवटी त्याच तीन वाटा, रिकाम्या. मधली बावीस मिनिटं गायब.

मग त्याने कातरी चालवली. अडलेला तुकडा अर्ध्यात कापायचा, कुठला अर्धा अडतो ते बघायचं, तो पुन्हा अर्ध्यात कापायचा. असं करत करत बिघडलेलं एक चित्र हाताला लागतं. लागलं. ते त्याने उचलून बाहेर टाकलं आणि जागी आधीच्या चित्राची नक्कल बसवली. सगळेच असं करतात, सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाची चोरी कुणाला कळत नाही. पुन्हा रेंडर लावलं. या वेळी ते एक चित्र पुढे सरकून अडलं. त्याने तेही काढलं. आणखी एक चित्र पुढे.

असं चाळीस वेळा झाल्यावर त्याने हात मागे घेतले. बिघाड जागेवर बसून राहतो. हा त्याच्यापुढे एकेक पाऊल चालत होता.

आवाज वेगळा काढता येईल हे सुचायला दीड वाजला. आवाजाचं रेंडर चुटकीसरशी झालं. त्याने हेडफोन लावले. वारा. सायकलच्या साखळीची कुरकुर. दादाचा श्वास. आणि मग दादाचा नेहमीचा हाकारा, "ए बारक्या, थांब की रे!"

बारक्या रडत रडत हसला. आईसाठीचं नाटक. मरायला गेलास तरी नाटक विसरला नाहीस, दादा.

पुढची दोन मिनिटं नुसती खडी. मग ब्रेक करकचले. दादा बोलला, पण हळू. नाटकातल्या आवाजात नाही.

"अरे? तू? ...खरंच आलास होय रे तू?"

मग थोडी शांतता. एखादं वाक्य बोलून व्हावं, एवढी.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

पुन्हा तेवढीच शांतता.

"बरं, बरं. येतो की. हेल्मेट तरी काढू दे."

खिळ्याला पट्टा अडकल्याचा आवाज अगदी कानाशी आला. त्यापुढे नुसता वारा.

४

थकलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, हे बारक्याला पटत होतं. तीन रात्री धड झोप नाही, पोटात अन्न नाही. दादा वर कुणालातरी भेटला असेल. गुराखी असेल, लाकूडतोड्या असेल. पण गुराख्याला "खरंच आलास होय रे" असं कोण म्हणतं?

त्याने फुटेज मागे नेलं आणि या वेळी दादाच्या हाताकडे, रस्त्याकडे न बघता लांबवर बघितलं. पस्तिसाव्या मिनिटाला, वरच्या वळणावर, चाळीसेक पावलं पुढे, निळी पाठ.

त्याला आधी हायसंच वाटलं. हात्तिच्या! सवयीने आपणच चिकटवला असणार. सहलीच्या फिल्मचा साचा तयारच असतो, त्यात पाठमोरा वरच्या थरात बसवलेलाच असतो. सकाळी झोपेच्या तारेत तोच साचा उघडला असेल. त्याने थर तपासले. थर एकच होता. दादाचं कच्चं फुटेज, वर काही नाही.

मग त्याने कार्ड काढलं, चार्जरला जोडलेल्या दादाच्या कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेऱ्याच्याच पाठीवरच्या नखाएवढ्या पडद्यावर चालवलं. इथे कुठलं सॉफ्टवेअर नाही, कुठला साचा नाही. पस्तिसावं मिनिट आलं. वळणावर निळा ठिपका चालत होता. बदकासारखा. चालता चालता त्याने उजव्या हाताने कॉलर सारखी केली.

खाली लाँड्रीतलं एक यंत्र थांबलं, आणि खोलीत किती आवाज होता ते तेव्हा त्याला कळलं.

त्याने सेकंद मोजले. कॉलर, मग चार पावलं, आणि अकरा सेकंद संपले. पाठमोरा तिथेच संपायला हवा होता, कारण त्याच्यापुढे त्याचं काही अस्तित्वच नव्हतं. पण तो संपला नाही. तो चालत राहिला. वळणामागे गेला, पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा दिसला, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा जवळ. तिवाठ्यावर तो दहा पावलांवर उभा होता, पाठ करून. सहा वर्षांच्या सवयीने सकाळपासून ती पाठ बारक्याच्या डोळ्याला खुपलीच नव्हती. आणि एक्केचाळीस मिनिटं सात सेकंदांवर, चित्र गोठतं त्याच्या बरोबर आधी, त्याचा डावा खांदा जरासा मागे आला होता.

तो वळत होता.

५

सव्वातीनला बारक्याने शेवटचं रेंडर लावलं. या वेळी त्याने चुका गिळून टाकायची सोय बंद केली, म्हणजे अडलं तर का अडलं ते यंत्राने तोंडाने सांगावं. चौसष्टवर पट्टी थांबली आणि एक छोटी चौकट वर आली. अशा चौकटी त्याने आयुष्यात हजारदा बघितल्या होत्या. क्लिप सापडत नाही, अमुक नावाची फाइल जोडा.

नाव होतं, बारक्या_पुढून.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या अकरा सेकंदांना त्याने नाव दिलं होतं, बारक्या_मागून. पुढूनची कधी घेतलीच नव्हती. घ्यायची नाही हे गच्चीवर हसत हसत ठरलं होतं, आणि ते दोघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

कच्च्या फुटेजला कुठलीही फाइल लागत नाही. जे घडलं ते त्यात असतं, बस्स. हे बारक्या स्वतःला मोठ्याने सांगत होता. त्याने चौकट बंद केली. ती पुन्हा आली. संगणक बंद करून चालू केला. पुन्हा आली. मग तो कपाळावर तळवे दाबून बसला. त्याला उलगडा नको होता. त्याला दादा हवा होता. पावणेचार वाजले होते आणि वर कुठेतरी चौदा माणसं तीन वाटांवर विखुरली होती.

वहिनीचा फोन आला. "भावजी, काही लागलं का हाताला?"

"एक अडचण आहे. एवढी सुटली की वाट कळते."

"मग सोडवा ना!" वहिनी आधी ओरडली, मग तिचा आवाज फुटला. "काय वाट्टेल ते करा. पण सोडवा हो. मला नाही आता धीर धरवत."

काय वाट्टेल ते. धंद्यात याचं उत्तर एकच असतं. फाइल नसेल, तर शूट करून द्यायची.

निळं जॅकेट दाराच्या मागे टांगलेलं होतंच. ते त्याने चढवलं. दादाचा कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. हिरवी चादर कपाटाच्या तळाशी सापडली, तिला सहा वर्षांचा कुबट वास येत होता. ती खिडकीच्या गजांना बांधून तो कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. कॉलर सारखी केली. चार पावलं जागच्या जागी टाकली. आणि वळला.

वळताना काहीतरी बोलायला हवं होतं. दादाच्या आवाजातली ती रिकामी जागा त्याच्या कानात बसली होती, एका वाक्याएवढी. आणि त्या वेळी तोंडात आलं तेच, जे कायम यायचं.

"चल. मी आहे ना."

फाइलला नाव दिलं, चौकटीत जोडली. पट्टी हलली. पासष्ट. सहासष्ट. मग ती अशी धावत सुटली की जणू कुणी बांध फोडला. पंधरा वर्षांच्या नेमाने बारक्या उठला, खिडकीकडे गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. तीन मिनिटांनी टिंग वाजलं.

६

सगळं नाही बघितलं त्याने. बघवलं नाही. हवं तेवढं बघितलं.

पाठमोरा वळला. त्याला तोंड होतं. तीन दिवसांची दाढी, तांबारलेले डोळे, मघाशी या खोलीत घेतलेलंच तोंड. प्रकाश जुळत नव्हता. ऊन उजवीकडून होतं आणि तोंडावर डावीकडून ट्यूबलाइट पडलेली. एवढी ढोबळ चूक बारक्याने कधी जाऊ दिली नसती, पण दादाला ती दिसली नाही. दादाला ते पटलं. दादा हसला. मंगळवारी सकाळी, डोंगरावर, आपला भित्रा भाऊ सहा वर्षांनी एकदाचा आपल्याबरोबर आला म्हणून तो इतका मोकळा हसला की बारक्याने स्क्रीनवर हात ठेवला.

"दादा, नको," तो म्हणाला. "दादा, मी नाही तो."

"चल. मी आहे ना," स्पीकरमधून त्याचाच आवाज आला.

दादाने हेल्मेट अडकवलेला खांब एकदा थोपटला आणि तो त्याच्या मागे निघाला. उजवीकडे. त्या वाटेवर फाटक होतं, फाटकाला साखळी होती. तिथे चित्र थोडं तडकलं, आणि सावरलं तेव्हा दोघं पलीकडे होते. दादाचा हात त्याच्या हातात होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा. मग झाडी.

बारक्याने चित्र थांबवलं आणि प्रमुखाला फोन लावला. साडेचारला सात मिनिटं कमी होती.

"उजवी! खाणीची वाट! सगळ्यांना तिकडे पाठवा, लगेच!"

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला. "नक्की?"

"नक्की. डोळ्यांनी बघितलं मी."

"फाटकाच्या आत गेले?"

"हो."

प्रमुखाने वाऱ्याकडे पाठ केली असावी, घोंघाट कमी झाला. मग बोलला तो आवाज कालच्यासारखा तुटक नव्हता, आणि त्यावरूनच बारक्याला कळलं.

"फाटकाच्या आत वीस पावलांवर जमीन संपते. खाली पाणी आहे, कडेला साठ हात खोल. ती वीस पावलं आम्ही बुधवारीच बघितली, तिथे कुणी नाही, आणि आत गेलेल्याला बाहेर यायला दुसरी वाट नाही." तो थांबला. "पाणबुडे वादळानंतर बोलावू. आता घाई करायचं कारण राहिलं नाही. घरच्यांना तुम्हीच सांगा."

बारक्या फोन धरून तसाच बसला. रडू येत नव्हतं. स्क्रीनवरचं चित्र त्याने थांबवलं होतं खरं, पण बोट कुठेतरी लागलं असावं, कारण ते पुन्हा चालू लागलं होतं. रिकाम्या तीन वाटा. मिनिट गेलं, दोन गेली. मग उजवीकडच्या झाडीतून निळं जॅकेट बाहेर आलं. एकटंच. फाटक, तडकलेलं चित्र, आणि ते अलीकडे आलं. खांबाशी येऊन थांबलं, इतकं जवळ की नुसता खांदा दिसत होता. हात वर गेला आणि कॉलर सारखी झाली. मग ते चौथीकडे वळलं, चित्राच्या अगदी कडेला जराशा दिसणाऱ्या, जिकडून दादा आला होता त्या घराकडच्या रस्त्याला, आणि पाठ करून उतारावरून चालू लागलं.

बुटांवर लाल माती होती.

७

आईला सांगायला हवं होतं. सगळं. आपण कधीच गेलो नव्हतो, एकदाही नाही, आणि म्हणून दादा नाही. ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, मारेल तर मार खायचा. आधी वहिनीला सांगावं म्हणून त्याने तिला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. नळाचं पाणी वाहत होतं.

"वहिनी," तो म्हणाला.

"काय हो भावजी, घरातल्या घरात फोन कशाला करताय?" वहिनी कुजबुजली. तिचा आवाज रागाने आणि आशेने कापत होता. "आधी मागच्या दाराने माझ्याकडे यायचं ना! सरळ आईंच्या पुढ्यात जाऊन उभे! आता त्यांना काय सांगायचं? यांचं काय कळलं?"

"मी स्टुडिओत आहे."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला? पाठ दिसतेय मला तुमची इथून. लादीभर लाल माती केलीत."

बारक्याने अंगावर हात फिरवला. जॅकेट त्याच्या अंगावरच होतं.

"वहिनी, नीट ऐका. आईला त्याच्याजवळून उठवा. आत्ता. दार लावून घ्या."

"कुणाच्या जवळून?" नळ बंद झाला. आणि मग लांबून, समोरच्या खोलीतून, आईचा आवाज आला.

"दादा कुठाय? पाठ काय करून उभा राहिलास रे? वळ इकडे. बघू दे तोंड."

"आई!" बारक्या फोनमध्ये किंचाळला. वहिनीच्या हातातला फोन एवढासा, समोरच्या खोलीपर्यंत आवाज पोचायचा नाही हे कळत असूनही किंचाळला.

"अगं बाई, केवढा वाळलास," आई म्हणाली. "दादाला वर एकट्याला टाकून आलास होय?"

"चल," बारक्याचा आवाज म्हणाला. "मी आहे ना."

"आत्ता?" आई म्हणाली. मग तिच्या बांगड्या वाजल्या. "बरं बाबा. थांब, चपला घालू दे."

जिना त्याने कसा उतरला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. लाँड्रीवाला काहीतरी ओरडला. पहिली गल्ली, मग दुसरी. सुटलेलं पोट घेऊन तो धावत होता आणि कानाशी धरलेल्या फोनमध्ये वहिनी हाका मारत होती, "आई, अहो आई! काठी!" गुडघ्यांमुळे आई काठीशिवाय बाथरूमपर्यंतसुद्धा जात नसे.

वहिनी पायरीवर उभी होती. ओले हात तसेच, फोन कानाला. तिने धावत येणाऱ्या बारक्याकडे बघितलं, मग रस्त्याच्या पलीकडच्या टोकाकडे बघितलं, आणि पुन्हा बारक्याकडे. तिच्या हातातला फोन खाली पडला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता.

बारक्या आत शिरला. लादीवर लाल ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. जातानाच्या ठशांशेजारी आईच्या चपलांचे छोटे ठसे होते, अगदी जवळजवळ, हात धरून चालल्यासारखे.

काठी दाराच्या मागे होती. वादीने खुंटीला नीट अडकवलेली.